दोन टनांचा हिशोब आणि भुसभुशीत बर्फ

आधीच कबूल करून टाकतो, ह्या सगळ्या भानगडीची सुरुवात एका एक्सेल शीटपासून झाली. मी अकाउंट्सचा माणूस, जन्म इंदूरचा, नोकरी इंदूरची, बर्फ म्हणजे आमच्यासाठी गोळेवाल्याच्या रंध्याखालून पडतो तो. असा माणूस चाळिशी उलटल्यावर स्की विकत घ्यायला निघाला तर काय करणार, कॉलम पाडणार. नाव, लांबी, रुंदी, एका स्कीचं वजन, किंमत, आणि शेवटी 'प्रति ग्रॅम रुपये', जणू काही सराफ्यात सोनं घ्यायला निघालोय. चौतीस स्की होत्या त्या शीटमध्ये. त्यातली जी मी पिवळा रंग देऊन विजेती ठरवली होती ती चुकीची होती, आणि ती चुकीची आहे हे कळायला मला दोन हिवाळे लागले.

गुलमर्गला पहिल्यांदा गेलो ते साधा कोर्स करायला. भाड्याची स्की मिळाली ती बुटाखाली ७४ मिलिमीटर रुंद, ह्या मापाला सगळे वेस्ट म्हणतात म्हणजे स्कीची कंबर. दाबून सपाट केलेल्या उतारावर ती मस्त चालली आणि मला वाटलं झालं, आलं आपल्याला. दुसऱ्या वर्षी गेलो तर रात्रभर बर्फ पडला होता, सकाळी गुडघ्याच्या जरा खाली येईल इतका, कोरडा, हातात घेतला तर फुंकरीने उडेल असा. काश्मिरीत बर्फाला शीन म्हणतात हे मला आमच्या इन्स्ट्रक्टरने त्याच दिवशी सांगितलं, मी त्या शीनमध्ये आडवा पडून डोक्यापर्यंत गाडला गेलो होतो तेव्हा. तीच स्की, तोच मी, पण टोकं खाली बुडायची, मी घाबरून मागे रेलायचो, मांड्या पेटायच्या आणि चौथ्या वळणाला आडवा. एक स्की निघाली ती सापडायला वीस मिनिटं गेली, पोलने म्हणजे हातातल्या काठीने टोचत टोचत शोधली.

आपण का बुडतो ते मला कळलं मंडीमुळे. लहानपणी आजोबांबरोबर मंडीत जायचो, सोयाबीनचे ढीग लागलेले असायचे आणि आम्हा पोरांना त्यावर चढायची जाम हौस. सोयाबीन गोल आणि गुळगुळीत, पाय ठेवला की पोटरीपर्यंत आत, जितकं धडपडाल तितकं अजून आत. पण हमाल लोक ढिगावर फळी टाकायचे आणि पाठीवर पोतं घेऊन आरामात वर जायचे. भुसभुशीत बर्फ म्हणजे तेच, दाणा दाण्याला धरत नाही, म्हणून वजन पसरवायला लागतं. मी हिशोब केला (करणारच). माझ्या बुटाचा तळ साधारण २७० चौरस सेंटिमीटर. ती भाड्याची अरुंद स्की साधारण १,५०० चौरस सेंटिमीटर. आणि १७७ सेंटिमीटर लांब, कंबरेत ९८ मिलिमीटरची स्की घेतली तर १,९०० च्या वर. म्हणजे सव्वापट फळी. ऐकायला थोडं वाटतं पण बुडणं आणि तरंगणं ह्यात फरक तेवढाच असतो.

पण मग रुंदच घ्या ना, ११५ घ्या, १२० घ्या, प्रश्न मिटला. मिटला असता, गोंडोलाने म्हणजे रोपवेच्या डब्यातून वर जाऊन खाली यायचं असतं तर. गुलमर्गचा गोंडोला दोन टप्प्यांचा, पहिला कोंगडुरीपर्यंत, दुसरा अफरवत डोंगराच्या खांद्यावर थेट ३,९०० मीटरच्या वर नेऊन सोडतो, आणि बर्फ पडून गेला की ज्यांना हे वेड आहे ते सगळे जगातून येऊन त्याच रांगेत उभे असतात, दुपारपर्यंत सगळा उतार नांगरलेल्या शेतासारखा. मला त्या रांगेत उभं राहायचंच नव्हतं. मला पायाने चढायचं होतं, जिथे कोणी नाही तिथे. ह्यालाच टूरिंग म्हणतात, स्कीच्या तळाला स्किन चिकटवायची म्हणजे एक लांब पट्टी, तिची लव एकाच दिशेला असते त्यामुळे पुढे सरकते मागे घसरत नाही, बुटाची टाच मोकळी सोडायची आणि चालत चढायचं, वर गेलं की पट्टी काढायची, टाच लॉक करायची आणि खाली. आणि चालायचं म्हटलं की वजन आलं, आणि वजन आलं की माझी एक्सेल शीट आली.

महूला आमचे एक लांबचे काका राहतात, फौजेतून रिटायर झालेले. महू म्हणजे फौजी गाव आहे आणि ज्यांनी कधीकाळी गुलमर्गच्या हॉजमध्ये कोर्स केलाय अशी माणसं तिथे सापडतात. हॉज म्हणजे हाय अल्टिट्यूड वॉरफेअर स्कूल, १९४८ मध्ये तिथे फौजेची स्की स्कूल सुरू झाली तीच पुढे वाढत गेली. एका रविवारी लॅपटॉप घेऊन काकांकडे गेलो आणि त्यांना माझा मास्टरपीस दाखवला. म्हटलं काका बघा, १,००० मीटर चढायचंय, एका पावलात साधारण सोळा सेंटिमीटर उंची मिळते, म्हणजे सहा हजारांच्या वर पावलं, आणि जड स्की आणि हलकी स्की ह्यात पावलामागे ३५० ग्रॅमचा फरक, गुणाकार करा, दोन टन! दोन टन वजन मी फुकट उचलणार! म्हणून ही पिवळी, ८८ मिलिमीटर, १,१०० ग्रॅम.

काकांनी चष्मा कपाळावर सरकवला आणि म्हणाले, "तू स्की उचलतोस का?"

म्हटलं म्हणजे?

"अरे चालताना स्की उचलायची नसते. ओढायची असते. बर्फावरून सरकवत न्यायची, म्हशीसारखे पाय आपटत गेलास तर दोन टन काय चार टन उचलशील. तुझं चालणं बघितलं पाहिजे आधी, शीट नंतर बघू."

काकू चहा घेऊन आल्या आणि बैठकीच्या खोलीत, मोज्यांवर, गुळगुळीत फरशीवर काकांनी मला चालायला लावलं. खरंच मी प्रत्येक पाऊल उचलत होतो. वयाच्या त्रेचाळीसाव्या वर्षी कोणी तरी मला चालायला शिकवत होतं आणि काकू हसू दाबत होत्या. नंतर काकांनीच सांगितलं की वजन खरं जाणवतं ते दोनच ठिकाणी, एक किक टर्न घेताना, म्हणजे तीव्र चढावर नागमोडी जाताना वळणावर एक पाय उचलून स्की अख्खी फिरवून उलट्या दिशेला ठेवावी लागते, आणि दुसरं स्की पाठीवर बांधून चालताना. बाकी वेळ तुम्ही घसरवत असता. म्हणजे वजनाला महत्त्व नाही असं नाही, दिवसाच्या शेवटी पावशेर सुद्धा कळतो, पण दोन टनवाला माझा हिशोब कागदावरचा होता.

जाताना काकांनी अजून एक वाक्य टाकलं, तेच पुढे खरं ठरलं. "चढताना कुठली स्की बरी हे विचारू नकोस. थकून खाली येताना कुठली बरी हे विचार."

तर तिसऱ्या हिवाळ्यात मी ठरवलं की विकत घ्यायच्या आधी भाड्याने दोन टोकं वापरून बघायची. पहिल्या दिवशी ११५ वाली, वर फ्रेम बाइंडिंग. बाइंडिंग म्हणजे बूट स्कीला धरून ठेवते ती पकड. फ्रेम बाइंडिंग म्हणजे टाच उचलली की बाइंडिंगचा अख्खा सांगाडा बुटाबरोबर उचलला जातो, आणि तो सांगाडा एका पायाला किलोच्या वर. पहिल्या तासात गाणी म्हणत होतो, दुसऱ्या तासात गप्प, तिसऱ्या तासात गाइडला विचारत होतो की इथूनच खाली जायचं का. त्यात उतारावर आडवं चालताना रुंद स्कीचा अजून एक त्रास, कडक झालेल्या वाटेवर तुम्ही फक्त वरच्या बाजूच्या काठावर उभे असता आणि स्की जितकी रुंद तितका घोटा पिळवटतो. पण खाली येताना, काय सांगू. देवदारांच्या मधून त्या भुसभुशीत बर्फात ती स्की होडीसारखी आली. पडलो नाही. एकदाही नाही!

दुसऱ्या दिवशी माझ्या पिवळ्या स्कीची सख्खी बहीण म्हणावी अशी, ८६ मिलिमीटर, कार्बनवाली, पिन बाइंडिंग (ती काय ते पुढे सांगतो). उचलून बघितली तर हसूच आलं, क्रिकेटची बॅट जड वाटेल. चढताना मी गाइडच्या पुढे! तो मागून म्हणाला, "जनाब, आज तो आप हवा में हो." वरच्या भागातल्या मऊ बर्फात सुद्धा ठीक होती, जरा जास्त बुडत होती पण मऊ बर्फ माफ करतो, हळू गेलं तर चालतं. मग आलो खाली, जिथे आदल्या दिवशी पन्नास लोक गेले होते, दुपारच्या उन्हात वितळून संध्याकाळी परत गोठलेल्या चाकोऱ्या, ढेकळं, वर पातळ पापुद्रा. तिथे ती स्की नाचायला लागली. वजनच नाही तर ढेकूळ आलं की स्की ढेकळाला बाजूला करत नाही, ढेकूळ स्कीला बाजूला करतं. कार्बन ताठ असतो, हलका असतो, पण धक्का गिळत नाही, सगळा सरळ गुडघ्यात. शेवटचे तीनशे मीटर मी कडेकडेने घसरत, शिव्या देत आलो आणि तेव्हा मला काकांचं वाक्य आठवलं.

इथे माझं मत बनलं ते सांगतो. मऊ बर्फासाठी स्की निवडायची म्हणून सगळे मऊ बर्फाचाच विचार करतात. पण मऊ बर्फात जवळजवळ कुठलीही बरी स्की चालते, हलकी तर फारच छान चालते कारण तिथे तिचे दोष झाकले जातात. एका उतारावर मऊ बर्फ असतो किती, वर वाऱ्याने दाबलेला, मधे सुंदर, खाली ओला नाहीतर गोठलेला. म्हणजे स्की निवडायची ती त्या खालच्या तुकड्यासाठी, जिथून थकलेल्या पायांनी घरी यायचंय. आणि माझ्यासारखा माणूस, जो वर्षात जेमतेम दहा-बारा दिवस बर्फावर असतो, त्याने तर नक्कीच. जो आल्प्सच्या पायथ्याशी राहतो आणि हिवाळ्यात पन्नास दिवस जातो त्याच्या पायांना हलकी, ताठ स्की सांभाळायची सवय झालेली असते. माझ्या पायांना सवय जानापावच्या चढाची आणि ऑफिसच्या जिन्याची.

मग शीट परत उघडली. वजनाचा कॉलम ठेवला पण शेवटी नेला. एका स्कीला १,४०० ते १,५५० ग्रॅम ह्या पट्ट्यातल्याच ठेवल्या, कंबर ९५ ते १००, बाकी सगळ्या उडवल्या. चौतीसच्या सहा राहिल्या.

मग आकार. ह्यात मला खरी मजा आली. जुन्या स्की धनुष्यासारख्या असायच्या, मधे वर उचललेल्या, तुम्ही उभे राहिलात की सपाट होऊन काठ बर्फात रुततात, ह्याला कॅम्बर म्हणतात आणि कडक बर्फावर तो पाहिजेच. मऊ बर्फात उलट पाहिजे, टोकं वर वळलेली, म्हणजे रॉकर, की स्की आपणहून वर येईल. शेन मॅककॉन्की नावाचा एक अवलिया स्कीअर होता, त्याने डोकं लावलं की खोल बर्फ म्हणजे जवळजवळ पाणीच, मग वॉटर स्कीसारखी स्की का नको, आणि २००२ च्या आसपास व्होलंट कंपनीने त्याची स्पॅट्युला नावाची पूर्ण उलट्या आकाराची स्की काढली. लोक हसले, आणि आज दुकानातली जवळजवळ प्रत्येक मऊ बर्फाची स्की त्या वेडेपणाचा थोडा अंश घेऊन फिरते. पण टूरिंगला पूर्ण उलटी नको, कारण टोकं आणि शेपटी हवेत असली की स्किनची तेवढी लव बर्फाला लागत नाही आणि चढताना पाय मागे घसरतो. म्हणून पुढे बऱ्यापैकी रॉकर, बुटाखाली कॅम्बर, शेपटी जवळजवळ सपाट, हे मी ठरवलं. शेपटी सपाट असली की स्किनची मागची क्लिप पण नीट बसते.

लांबीवर भाच्याशी भांडण झालं. माझा भाचा म्युनिकला असतो, खरेदी त्याच्यामार्फतच करायची होती, एप्रिलमध्ये तिकडे सीझन संपत आला की दुकानं भाव पाडतात. तो म्हणे मामा, १८४ घे, मोठी तरंगते. माझी उंची १७२. मी १७० वर अडून बसलो कारण किक टर्न. शेवटी १७७, कारण टोकाला रॉकर असलेली स्की कडक बर्फावर तिच्या मापापेक्षा आखूडच वाटते. आता वाटतं बरोबर होतं, पण दाट झाडीत अजूनही कधी कधी शेपटी मागच्या फांदीत अडकते आणि मी भाच्याच्या नावाने बोटं मोडतो.

बाइंडिंगमध्ये फार डोकं लावलं नाही, पिन बाइंडिंगच घ्यायची हे त्या फ्रेमवाल्या दिवसाने ठरवून टाकलं होतं. बुटाच्या पुढच्या टोकाला दोन्ही बाजूंना छोटे खळगे असतात त्यात दोन पिना चिमट्यासारख्या बसतात, टाचेला अजून दोन, बस, चालताना फक्त बूट उचलला जातो. ही कल्पना फ्रित्झ बार्थेल नावाच्या ऑस्ट्रियन माणसाची, १९८० च्या दशकातली, जड सामान घेऊन माँ ब्लाँ चढून वैतागला आणि घरी येऊन हे बनवलं. पुढे डायनाफिटने ते जगभर नेलं. माझी एका पायाची साधारण ३५० ग्रॅमची आहे. ह्याहून निम्म्या वजनाच्या पण मिळतात, पण त्यातल्या बऱ्याचशांत पडल्यावर बूट किती जोराने सुटावा हे हवं तसं फिरवून सेट करता येत नाही. गुडघा माझा आहे. तिथे ग्रॅम वाचवायचे नव्हते.

बुटांची गोष्ट थोडक्यात सांगतो कारण ती दुःखद आहे. स्की चुकली तर दिवस वाईट जातो, बूट चुकले तर नख जातं. माझं गेलं, उजव्या अंगठ्याचं, पहिल्या जोडीत, जी मी फक्त आकडा बघून ऑनलाइन मागवली होती. बुटाचा नंबर म्हणजे पावलाची लांबी सेंटिमीटरमध्ये, आणि बहुतेक कंपन्यांत २६ आणि २६.५ चं बाहेरचं कवच एकच असतं, हे मला नख गेल्यावर कळलं. आतलं अस्तर काढून, नुसत्या कवचात पाय घालून बोटं पुढे टेकवायची आणि टाचेमागे एक ते दीड बोट जागा राहते का बघायचं, ही परीक्षा कोणीही दोन मिनिटात घेऊ शकतो. दुसरी जोडी भाच्याकडे गेलो तेव्हा दुकानात तासभर घालून बसलो, एका बुटाला १,३५० ग्रॅम, आणि आता वाटतं की शीटमध्ये पहिला कॉलम बुटाचा हवा होता. कारण स्की किती जड झेपेल हे बूटच ठरवतो, लवचिक हलक्या बुटात रुंद स्की म्हणजे बैलगाडीला सायकलचं हँडल.

आणि हो, फावडं. वजन कमी करायच्या झिंगेत मी प्लास्टिकचं फावडं बघत होतो. काकांना फोनवर सहज बोललो तर ते फौजेतल्या आवाजात ओरडले. हिमस्खलनाने खाली आलेला बर्फ थांबला की सिमेंटसारखा घट्ट होतो, त्यात प्लास्टिक वाकतं, धातूचंच पाहिजे, आणि माणूस गाडला गेला तर पहिली दहा-पंधरा मिनिटंच खरी. २०२३ च्या फेब्रुवारीत अफरवतवर दोन पोलिश स्कीअर गेले, २०२४ च्या फेब्रुवारीत एक रशियन. ट्रान्सीव्हर (गाडलेल्याचा सिग्नल पकडणारं यंत्र), प्रोब (बर्फात टोचून शोधायची लांब काठी), फावडं, ह्या तिघांना मी शीटमधून काढूनच टाकलं, त्यांचं वजन बघायचंच नाही.

स्की आल्या. भाचा दिवाळीत घेऊन आला. पण नुसत्या, बाइंडिंग वेगळी, कारण म्युनिकला बसवून घ्यायला माझे बूट तिथे नव्हते आणि बूट असल्याशिवाय टाचेचा भाग कुठे ठोकायचा ते ठरत नाही. इंदूरमध्ये स्कीला बाइंडिंग बसवणारं कोण? कोणीच नाही. म्हणून आमच्या घराचं फर्निचर ज्याने केलं त्या मिस्त्रीला बोलावलं.

स्कीवर बारीक अक्षरात छापलेलं असतं, ३.६ गुणिले ९, म्हणजे ड्रिलचा बिट ३.६ मिलिमीटरचा आणि भोक ९ मिलिमीटर खोल, त्याहून खोल गेलात तर तळातून बाहेर. सियागंजमध्ये पाच दुकानं फिरून ३.६ चा बिट मिळाला. दुकानदार म्हणत होता साडेतीन ले जाओ भिया, क्या फर्क पड़ता है. बिटला नऊ मिलिमीटरवर पिवळी टेप गुंडाळली, टेप स्कीला टेकली की थांबायचं. भोकांचा नकाशा कागदावर प्रिंट करून स्कीवर चिकटवायचा असतो, तो मी कोपऱ्यावरच्या झेरॉक्सवाल्याकडून काढून आणला होता. चिकटवला, मधली रेघ जुळवली, मिस्त्रीने पंच हातात घेतला आणि म्हणाला, "साहब, ये स्केल लगा के देख लूँ?" कागदावर एक रेघ असते, शंभर मिलिमीटर लिहिलेली. पट्टी लावली तर सत्त्याण्णव. झेरॉक्सवाल्याने पान मावावं म्हणून छोटं करून छापलं होतं. मी अकाउंटंट, आणि बॅलन्स तपासला मिस्त्रीने. पुन्हा प्रिंट, ह्या वेळी शंभर टक्के, पुन्हा पट्टी.

मग पंचने खूण, मग भोक, पांढरा भुसा आला तो त्याने बोटावर घेऊन चोळला, वास घेतला. कुठलं लाकूड, विचारतो. म्हटलं पॉलोनिया. सागवानाच्या निम्म्याहून हलकं असतं हे सांगितल्यावर त्याने स्की परत हातात तोलली आणि मान हलवली, असं लाकूड आपल्याकडे असतं तर दुसऱ्या मजल्यावर कपाट चढवायचे किती कष्ट वाचले असते म्हणून. भोकात फेविकॉल मरीन, कारण पाणी आत जाता कामा नये, आणि मग स्क्रू. इथे एक गोष्ट, हे स्क्रू साधे फिलिप्सचे नसतात, पोझिड्राइव्हचे असतात तीन नंबरचे, दिसायला तसेच, पण साध्या पेचकसाने फिरवलेत तर डोकं खराब होतं. तो बिट मी आधीच मागवून ठेवला होता, तेवढी एक अक्कल दाखवली. संध्याकाळपर्यंत दोन्ही झाल्या. बूट घातला, टाच खट्कन बसली, ड्रॉइंगरूमच्या गालिचावर मी स्की घालून उभा आणि मिस्त्री त्याच्या मोबाइलवर व्हिडिओ काढतोय.

गंमत म्हणजे हलकेपणाचा सगळ्यात मोठा फायदा मला डोंगरात नाही, विमानतळावर झाला. चेक-इनला पंधरा किलो. स्की २.९, बाइंडिंग ०.७, बूट २.७, स्किन अर्धा किलो, पोल, फावडं, हेल्मेट, कपडे, पिशवी स्वतःच दोन किलोची, काट्यावर ठेवली तर १४.६. काउंटरवरची मुलगी म्हणाली, सर, हे काय आहे, म्हटलं लाकडाच्या फळ्या आहेत, ती हसली आणि नाजूक सामानाचा टॅग लावला.

आणि बर्फात? पाच दिवस मिळाले, त्यातला एकच खरा खोल बर्फाचा. त्या दिवशी माझ्याबरोबरचा पुण्याचा एक मुलगा ११२ वर होता, तो वरून तरंगत गेला आणि मी मांडीपर्यंत बर्फ उडवत त्याच्या मागे, खोटं कशाला बोलू, थोडा हेवा वाटला. बाकीचे चार दिवस उलटं. चढताना तो दर वळणाला थांबून माझी वाट बघत नव्हता, मी त्याची बघत होतो. आणि संध्याकाळच्या त्या गोठलेल्या चाकोऱ्यांतून, जिथे आदल्या वर्षी मी शिव्या देत आलो होतो, तिथून ह्या वेळी वळणं घेत आलो. सुंदर नव्हती वळणं. पण होती.

आता ह्या सगळ्याला इंदूरच्या उन्हाळ्यात सांभाळायचं म्हणजे वेगळंच काम. तळाला जाड मेण लावून तसंच ठेवायचं, काठ लोखंडी असतात, पावसाळ्यात गंज धरतात म्हणून त्यांना मशीनचं तेल. हे मी सगळं केलं. पण स्किनचा गोंद उष्णतेने ढिला होतो म्हणून मी त्या पिशवीत घालून फ्रिजमध्ये भाजीच्या खणात ठेवल्या होत्या, मधे घालायची जाळी मात्र लावायची राहिली, प्रत्येक पट्टी स्वतःवरच दुमडून चिकटवलेली. मे महिन्यात आईकडे पाहुणे आले, फ्रिजमध्ये आंबे ठेवायला जागा हवी होती, आईने ती पिशवी काढून माळ्यावर ठेवली, बेचाळीस डिग्रीत, तीन आठवडे. मला कळलं तेव्हा दोन्ही पट्ट्यांच्या घड्या एकजीव झाल्या होत्या. रविवारी सकाळी हॉलमध्ये एका टोकाला मी पाय रोवून, दुसऱ्या टोकाला बायको, मधे आई सूचना देतेय की हळू ओढा फाटेल, आणि वितभर सुटली की आम्ही दम खायला थांबायचो. एका पट्टीला चाळीस मिनिटं लागली. दुसरी पट्टी अजून तशीच आहे, बायको म्हणाली आधी पोहे खाऊ.